तिचा आवाज माझ्यापेक्षा खालचा होता

ताई, नमस्कार.

मी मूळची पुण्याची. सध्या अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात समुपदेशनाचं मास्टर्स करतेय, दुसरं वर्ष. आमच्या बॅचमध्ये अठरा जण आहेत आणि त्यात एकच ब्लॅक मुलगी. पहिल्या सेमिस्टरपासून आमची चांगली मैत्री आहे. ती रात्री एका वृद्धाश्रमात काम करते आणि सकाळी तिथूनच बसने क्लासला येते.

गेल्या महिन्यात ग्रुप सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे सुपरव्हायझर गटासमोर आमचं काम तपासतात त्या तासाला, आम्हा दोघींच्या सेशनच्या टेप एकाच दिवशी दाखवल्या. दोघींनीही क्लायंटला बोलता बोलता मध्येच थांबवून एक प्रश्न विचारला होता. मला सुपरव्हायझर म्हणाल्या, "छान, नेमकेपणा येतोय." तिला म्हणाल्या, "थोडं आक्रमक वाटलं. क्लायंट बिचकला असेल." खरं तर तिचा आवाज माझ्यापेक्षा खालचा होता. तिने फक्त मान हलवली. नंतर तिच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'भावनिक संयम' या रकान्यात पाचपैकी दोन आले. तिच्यासाठी सुधारणा-योजना आखायची का, यावर विचार चाललाय असंही तिला सांगितलं.

मी त्या वेळी गप्प बसले. नंतर पार्किंगमध्ये तिला म्हटलं, "मला समजतं गं, आम्हा भारतीयांनाही इथे असंच वागवतात." ती हसली, गुडनाइट म्हणाली आणि गेली. तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तू त्यांच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या व्हिसाचं बघ. मला वाटतं, आपल्याकडे निदान शिक्षणात तरी असं माणसाकडे बघून मार्क देत नाहीत. मी काय करू? की काहीच करू नये?

— गप्प बसलेली

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. "तिचा आवाज माझ्यापेक्षा खालचा होता." तू ते ऐकलंस, तुलना तुझ्या मनात आपोआप झाली, आणि ती तू मला कळवलीस. माझा त्या खोलीशी काहीही संबंध नाही. तुझ्या मैत्रिणीला मात्र आजही माहीत नाही की तिथे आणखी कुणाच्या तरी ते लक्षात आलं होतं. तिला तुझ्या सहानुभूतीची किती गरज आहे ते मी सांगू शकत नाही. साक्षीदाराची गरज आहे, एवढं मात्र खात्रीने सांगते.

मीही तिकडेच शिकले, वीस-बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात. आमच्या लॅबमध्ये एका भिंतीला एकतर्फी आरसा होता. तिघातिघांचे गट करायचे: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. बहुसांस्कृतिक समुपदेशनाचा धडा आला की क्लायंटच्या खुर्चीत दर वेळी आमची एकच मैत्रीण बसायची, कारण वर्गात ब्लॅक अशी ती एकटीच. 'तू बस' असं सर कधी म्हणाले नाहीत. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळायच्या आणि ती उठायची. एकदा समुपदेशक झालेल्या मुलाने तिला विचारलं, "वंशवादाचा सगळ्यात जास्त त्रास तुला कधी झाला?" आणि ती तोंड उघडायच्या आधीच टिश्यूचा डबा उचलून तिच्या गुडघ्यांपाशी सरकवला. ती त्या डब्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने तो उचलला, टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला नेऊन ठेवला, आणि शाळेतली एक साधीशी, कुणाच्याही नोट्समध्ये बसेल अशी आठवण सांगितली. निरीक्षक मी होते. फॉर्म माझ्या हातात होता. मी लिहिलं, "क्लायंट मोकळी होत नाही."

त्या चार शब्दांचं मला आजही वाईट वाटतं. रडायचं कधी, हे आधीच ठरवून ठेवलेल्या माणसासमोर तिने स्वतःला जपलं होतं, आणि मी ते तिच्या नावावर दोष म्हणून नोंदवलं. पुढे आठवड्याभराने मला ते लख्ख दिसलं, तेव्हा मी तिच्याकडे गेले, माफी मागितली, रडले. अर्धा तास तीच माझी समजूत काढत बसली आणि तिचा पुढचा तास बुडाला. एवढं करून तो फॉर्म मी बदलून दिलाच नाही. मला तेव्हा सुचलंच नाही की तिच्या कामाचं तेवढंच होतं.

म्हणून तू पार्किंगमध्ये जे बोललीस त्याबद्दल मी तुला रागावणार नाही. फक्त तिथेच थांबू नकोस.

आता त्या 'आक्रमक' शब्दाकडे येऊ. तुला वाटेल, फॉर्ममागचा एक शब्द, त्याचं एवढं काय. पण तुम्ही दोघी ज्या पेशात शिरताय त्या पेशाकडे ब्लॅक माणसांना लावलेल्या शब्दांचा मोठा साठा आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामगिरीतून पळून जाणाऱ्यांसाठी एक आजार शोधून काढला, 'ड्रेपटोमेनिया'. पळून जावंसं वाटणं हाच रोग. पुढे १९६८ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 'प्रोटेस्ट सायकोसिस' अशी संज्ञा मांडली. म्हणजे ब्लॅक पुरुषाच्या निषेधातच वेड शोधायचं. स्किझोफ्रेनियाचं निदान गोऱ्या रुग्णांपेक्षा ब्लॅक रुग्णांच्या माथी जास्त वेळा मारलं जातं, हे त्यानंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसत आलंय. हा सगळा इतिहास तुझ्या मैत्रिणीला पुस्तकातून कळला असेलही, पण त्याआधी तो तिला घरातून कळलेला असणार. वर्गात आवाज चढू द्यायचा नाही, हातवारे कमी ठेवायचे, हे तिच्यासारख्या मुली शाळेच्या वयातच शिकतात. तू टेपमध्ये ऐकलास तो खालचा आवाज तिने कमावलेला आहे. आणि तरीही तिला तो शब्द मिळाला. तिने नुसती मान का हलवली असेल, याचा आता विचार कर. ती तिथे उलटून बोलली असती, तर सुपरव्हायझरच्या शब्दाला तिथल्या तिथे पुरावा मिळाला असता.

पण या पेशात दुसरीही एक परंपरा आहे, आणि तुझी मैत्रीण त्या परंपरेतून येते. मेमी फिप्स क्लार्क हे नाव तुमच्या कोर्समध्ये येऊन गेलं असेल. त्यांनी आणि त्यांचे पती केनेथ क्लार्क यांनी मुलांना काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या दाखवून जे प्रयोग केले, त्यांचा आधार शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात घेतला गेला, हे सगळे सांगतात. मला मेमीबाईंचं दुसरं काम जास्त जवळचं वाटतं. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट हातात असूनही त्यांना न्यूयॉर्कमध्ये लायकीचं काम मिळेना. मग १९४६ मध्ये नवराबायकोने मिळून हार्लेममध्ये, एका इमारतीच्या तळघरात, मुलांसाठी 'नॉर्थसाइड' केंद्र सुरू केलं. तिथे आया आपली मुलं घेऊन यायच्या. शाळेने ही मुलं मंदबुद्धी आहेत असं सांगून त्यांना वेगळ्या वर्गात टाकलेलं असायचं. केंद्रात मुलांच्या रीतसर चाचण्या होत, आणि त्यांतली बरीच मुलं मंदबुद्धी नसायचीच. मग शाळेच्या कागदासमोर केंद्राचा कागद ठेवला जाई. आयांना मुलं कशी आहेत ते ठाऊक होतंच, पण आईच्या सांगण्याला शाळेत कोण विचारतो? ते पाहिलेल्या दुसऱ्या कुणीतरी कागदावर उतरवावं लागलं.

तुला जे करायचंय ते याच जातीचं काम आहे, कितीतरी लहान प्रमाणात.

तुमच्या प्रशिक्षणाची घडणही नीट समजून घे, कारण दुखणं तिथेच आहे. केक्रेप, म्हणजे समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी तिकडची संस्था. तिची मान्यता असलेल्या कोर्समध्ये प्रॅक्टिकमचे, म्हणजे सुरुवातीच्या प्रत्यक्ष सरावाचे, किमान १०० तास असतात, त्यातले ४० प्रत्यक्ष क्लायंटसमोर. मग इंटर्नशिपचे ६००, त्यातले २४० प्रत्यक्ष. हे तास बहुतेक ठिकाणी बिनपगारी. त्यात तुझी मैत्रीण रात्रपाळी करून येते. तू कंटाळलेली दिसलीस तर कुणी म्हणेल, बिचारी दमलीय. ती दिसली तर रस नाही म्हणतील. शिवाय आपल्या पेशाच्या शिक्षणात फक्त पेपर तपासला जात नाही, माणूस तपासला जातो. आवाज, चेहरा, फीडबॅक कसा घेतला, संयम किती. तिकडे याला गेटकीपिंग म्हणतात आणि मी त्याच्या बाजूची आहे. जो क्लायंटला इजा करेल अशा माणसाला दारातच अडवलं पाहिजे. पण सुपरव्हायझरच्या कानाला लागलेली सवय आकडा होऊन बसते ती नेमकी याच रकान्यांत. पाचपैकी दोन. एकदा आकडा पडला की ते मत होतं हे कुणाला आठवत नाही. पुढे हाच फॉर्म इंटर्नशिपच्या जागेसाठी, शिफारसपत्रासाठी बाहेर निघतो. आणि पदवीनंतर लायसन्ससाठी देखरेखीखालचे हजारो तास तिच्यापुढे पडलेच आहेत. म्हणजे आणखी नवे सुपरव्हायझर, आणखी नवे फॉर्म.

एक शक्यता मात्र मी बाजूला टाकणार नाही. कदाचित तो क्लायंट खरंच बिचकला असेल. तसं असेल तर ते तिला कळायलाच हवं. चांगली सुपरव्हायझर टेप मागे नेते, नेमका तो क्षण थांबवते आणि विचारते, "इथे त्याचे खांदे बघ. तुला त्या वेळी काय वाटत होतं?" असा फीडबॅक मिळणं हा तिचा हक्क आहे. ब्लॅक प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे गोरे सुपरव्हायझर यांच्यावरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाच. काही सुपरव्हायझर फक्त उणिवांवर बोट ठेवत राहायचे. काही जण मात्र आपल्याला वंशवादी म्हणतील या धास्तीने खरा फीडबॅक द्यायचंच टाळायचे. दोन्हीकडे नुकसान शिकणारीचंच. तेव्हा 'तिला काही बोलू नका' अशी मागणी तुला करायची नाही. एकाच कृतीला दोन शब्द का मिळाले आणि टेपमध्ये ते कुठे दिसतं, एवढंच विचारायचंय.

वर्गात तुम्ही 'ब्रोचिंग' शिकला असाल. नॉर्मा डे-व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली कल्पना: वंशाचा, संस्कृतीचा विषय क्लायंटने काढायची वाट बघायची नाही, समुपदेशकाने स्वतःहून, सहजपणे काढायचा, कारण त्या खोलीत सत्ता त्याच्याकडे असते. हेच सुपरव्हिजनलाही लागू आहे. तिथे सत्ता सुपरव्हायझरकडे असते. त्यांनी तो विषय काढला नाही तर विद्यार्थिनी काढणार नाही. क्लायंटने तिला फ्रंट डेस्कवरची समजून कागद हातात दिले, किंवा 'दुसरी समुपदेशक मिळेल का' असं विचारलं, तर ती ते घेऊन कुठे जाणार? मला भेटलेल्या ब्लॅक सहकाऱ्यांनी असे प्रसंग इतक्या सपाट आवाजात सांगितलेत की ऐकतानाच कळावं, हे पहिल्यांदा घडलेलं नाही. चेस्टर पिअर्स या ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये अशा बारीकसारीक घावांना 'मायक्रोॲग्रेशन' हा शब्द दिला. शब्द मिळाला, तो पाठ्यपुस्तकात आला, परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही येतो. पण तो घाव ज्या खोलीत होतो तिथे त्याचं नाव घेणारं कुणी नसतं.

आणि आकडेही बघ. अमेरिकेच्या लोकसंख्येत ब्लॅक माणसं साधारण तेरा टक्के. २०१५ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांत ती चार टक्के होती आणि गोरे शहाऐंशी. तुमच्या अठरा जणांत ती एकटी आहे यात नवल काहीच नाही. ब्लॅक प्रशिक्षणार्थीच्या इंटर्नशिपच्या जागी एखादी ब्लॅक आई आपल्या मुलाला घेऊन येते, दारात तिला बघते आणि त्या आईचे खांदे सैल पडतात, हेही मी ऐकलंय. तुझी मैत्रीण हा कोर्स अर्धवट सोडून बाहेर पडली तर अशा बाईला तेवढं एक माणूस कमी मिळेल.

आता तुझं ते वाक्य, "आम्हा भारतीयांनाही असंच वागवतात." तुझ्या उच्चारांना कुणी हसलं असेल, नाव मोडून घेतलं असेल. ते खरं आहे आणि दुखतं, मलाही दुखायचं. पण त्या दिवशी टेबलावर काय होतं ते बघ. तुला 'नेमकेपणा' मिळाला होता. तिच्या शेजारी बसून, त्याच कृतीबद्दल. तुझी शाबासकी आणि तिचा ठपका एकाच वाक्याचे दोन तुकडे होते. त्या क्षणी 'आमचंही असंच' म्हटल्यावर तिला हसून गुडनाइट म्हणण्यापलीकडे काय उरलं होतं?

यावर आपल्याकडचंच एक उदाहरण मला आठवतं. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. बाबासाहेब स्वतः कोलंबियाला शिकलेले, अमेरिकेतला निग्रोंचा प्रश्न अभ्यासलेले. अस्पृश्यांच्या आणि त्यांच्या परिस्थितीत साम्य आहे हे त्यांनी लिहिलं, आणि तसं म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. पण पत्र तेवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. डू बॉइस यांनीही उत्तर पाठवलं. दुःखाची तुलना दोन ओळींत आटोपली आणि पुढे कागदांचं, कामाचं बोलणं. मला हे पत्र फार आवडतं.

आणि 'आपल्याकडे शिक्षणात असं माणसाकडे बघून मार्क देत नाहीत' हे तू लिहिलंस, तिथे मी तुला प्रेमाने पण स्पष्ट अडवते. आपल्याकडे माणसाकडे बघायचीही गरज पडत नाही, आडनाव पुरतं. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ॲडमिशनच्या दिवसांत उभी राहा. "कितीवर झालं?" याच्या मागोमाग "कॅटेगरी का?" येतंच. मानसशास्त्राच्या वर्गात तोंडी परीक्षेला 'आत्मविश्वास कमी', 'भाषा शुद्ध नाही' असे शेरे कुणाला मिळतात ते मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिलंय. तुला ते दिसलं नसेल तर कदाचित तुला त्या शेऱ्यांच्या वाटेला कधी जावं लागलं नसेल. तुझं आडनाव मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. एवढंच म्हणते, की तिथे आज तुझ्या कानांनी जे टिपलं ते इथेही टिपता आलं असतं. सुट्टीत घरी आलीस की ऐकून बघ.

आता करायचं काय ते सांगते.

सगळ्यात आधी तिच्याशी बोल, पण माफी मागायला जाऊ नकोस. तू काय पाहिलंस ते सांग. "त्या दिवशी आपण दोघींनी क्लायंटला सारखंच थांबवलं होतं. तुझा आवाज माझ्यापेक्षा खालचा होता. मी ते तिथे बोलायला हवं होतं, बोलले नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे. तुला हवं असेल तरच." आणि मग गप्प राहा. या वेळची शांतता तुम्हाला शिकवतात तशी, समोरच्याला जागा देणारी असू दे. ती 'नको' म्हणाली तर नको. तिच्या डोक्यात तुला न दिसणारे दहा हिशेब असतील. तिला पदवी हवीय, लढा हवाच असेल असं नाही, आणि ते ठरवायचा हक्क तिचा. तिला न विचारता तू विभागप्रमुखांकडे गेलीस तर परिणाम ती भोगेल. आणि हो, 'मला यातलं आणखी समजावून सांग' असं तिला म्हणू नकोस. त्यासाठी लायब्ररी आहे.

दुसरं, आजच लिहून ठेव. ती हो म्हणो वा नाही. तारीख, खोलीत कोण होतं, सुपरव्हायझर तुला नेमक्या कोणत्या शब्दांत काय म्हणाल्या, तिला काय म्हणाल्या. विशेषणं घालू नकोस, 'वंशवादी' असा निष्कर्षही काढू नकोस. नुसते शब्द. टेपला मात्र हात लावायचा नाही. तिची कॉपी करायची नाही, फोनवर शूट करायची नाही, क्लायंटचं नाव किंवा त्याने सांगितलेलं काहीही नोंदीत येऊ द्यायचं नाही. तो माणूस विश्वासाने त्या खुर्चीत बसला होता. तुझी साक्ष सुपरव्हायझरच्या बोलण्याबद्दल आहे, क्लायंटच्या बोलण्याबद्दल नाही.

तिसरं सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं. पुढच्या वेळी खोलीतच बोल. शिकणारीचा प्रश्न म्हणून विचारलंस तरी चालेल, कारण तो खराच आहे. "मॅडम, मागच्या वेळी माझ्या टेपमध्ये मीही असंच थांबवलं होतं, तेव्हा तुम्ही नेमकेपणा म्हणालात. दोन्हींतला फरक मला नीट कळला नाही. तो भाग परत बघूया का?" हे वाक्य आधी घरी, आरशासमोर, इंग्रजीत चार-पाच वेळा मोठ्याने म्हण. आयत्या वेळी घसा कोरडा पडतो. यात आरोप नाही. सुपरव्हायझर चांगल्या असतील तर टेप मागे नेतील आणि कदाचित स्वतःच थबकतील. मी अशा दोन-तीन सुपरव्हायझर पाहिल्यात, ज्या असं विचारल्यावर मनापासून "थांबा, मला परत ऐकू द्या" म्हणाल्या. त्या चिडल्या तर तेही खोलीतल्या बाकीच्यांनी पाहिलेलं असेल.

सुधारणा-योजना खरंच लागली तर तिने काही गोष्टी मागून घ्यायला हव्यात. हे तिला आधीच माहीत असण्याची शक्यता बरीच आहे, तरी तुझ्याजवळ असू दे. योजना लेखी हवी. नेमकं कोणतं वर्तन, कोणत्या टेपमध्ये, काय बदलायचं, किती दिवसांत, आणि कोण बघणार. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या आचारसंहितेतच आहे की असे निर्णय घेताना सुपरव्हायझरने दुसऱ्यांचा सल्ला घ्यावा, कारणं नोंदवावीत, आणि दाद मागायचे मार्ग विद्यार्थ्याला माहीत करून द्यावेत. विभागाच्या हँडबुकमध्ये तक्रारीची पद्धत असते, बऱ्याच विद्यापीठांत ओंबड्सचं, म्हणजे तटस्थपणे तक्रारी ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, ऑफिस असतं. आणि त्याही पलीकडे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सहा आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेत वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करता येत नाही.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लेक हजारो मैलांवर असली की आईला आधी व्हिसाच दिसतो आणि सध्याच्या हवेत तर दिसणारच. टेक्ससमध्ये, फ्लोरिडात कायदे करून विद्यापीठांतली विविधतेची ऑफिसं बंद केली गेली, हे तिनेही बातम्यांत पाहिलं असेल. पण वर्गात प्रश्न विचारल्याने किंवा मैत्रिणीच्या बाजूने दोन ओळींचं निवेदन दिल्याने एफ-१ चा, म्हणजे तुझ्या विद्यार्थी व्हिसाचा, नियम मोडत नाही. पूर्णवेळ नोंदणी, पत्ता वेळेवर कळवणं, परवानगीशिवाय काम न करणं, हे सांभाळ. निवेदन द्यायची वेळ आलीच तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन तुझी स्थिती समजून घे. विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदत असेल तर तिथेही विचार. एवढं करूनही तुला भीती वाटली तर ती मैत्रिणीला खरी खरी सांग: "लेखी देताना मला व्हिसाची भीती वाटते, पण तोंडी विचारलं तर मी पाहिलेलं सांगेन." ती रागावणार नाही. जोखीम मोजून पाऊल टाकणं तिला आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं. पण आईच्या तोंडचा 'त्यांच्या भानगडीत' हा शब्द मला खटकला. तू त्या खोलीत होतीस. तुलना तुझ्या टेपशी झाली. भानगड असेल तर ती तुझीही आहेच.

ती तुझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलेल का, हे तू थेट विचारलं नाहीस, पण पत्रभर ते आहे. मला माहीत नाही. कदाचित नाही बोलणार. माझी मैत्रीण माझ्याशी पुढे नीट वागली, पण वर्गाबाहेर तिने मला पुन्हा काही मनातलं सांगितलं नाही. तरीही तो फॉर्म बदलून द्यायला हवा होता. तुझ्यापुढे अजून वेळ आहे.

तुमचं ग्रुप सुपरव्हिजन असेल त्याच्या आधीच तिला गाठ. कॉफीला वगैरे बोलावू नकोस, रात्रपाळीवर जाण्याआधी तिला तासभर झोप मिळत असेल तर ती मोडेल. क्लास सुटला की बसस्टॉपपर्यंत तिच्याबरोबर चालत जा. सांगायचंय ते तेवढ्यात सांगून होईल.

— तुझी ताई